चेहरा सांभाळा, बाकीचं जाऊ द्या: गोव्यातल्या अवघड उजेडात माणसांचे सहज फोटो कसे काढावेत

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कॅमेरा घेऊन शिरलेला माणूस आधी चेहरा शोधतो आणि मग उजेडाशी झगडत बसतो. तोवर चेहऱ्यावरचं हसू मावळलेलं असतं. क्रम उलटा ठेवा. आधी उजेड हेरा, कॅमेरा त्यासाठी लावून ठेवा आणि माणूस त्या उजेडात येईपर्यंत थांबा. हावभाव क्षणभर टिकतो. त्या वेळी फक्त बोट हललं पाहिजे, आकडेमोड नको.

१. सावलीची कड शोधा

भर दुपारचं ऊन डोक्यावरून कोसळतं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. अशा वेळी उघड्यावर चेहऱ्यांच्या मागे लागू नका. दुकानाची पायरी, जुन्या घराचं बल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), देवळाच्या सभामंडपाची कड अशा ठिकाणी सावलीच्या एक-दोन हात आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून बसलेला माणूस गाठा. चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो आणि मागचा पसारा आपोआप अंधारात जातो.

बाजारातलं खरं दुखणं म्हणजे निळी ताडपत्री. सुरंगीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलकडे, वळेसर (सुरंगीचे गजरे) घेऊन बसलेली फुलवाली बघा. वर ताडपत्री, समोर रस्त्यावरचं ऊन. मान खाली घालून ती ओवत असते तेव्हा कपाळ निळसर दिसतं, हनुवटीवर मात्र जमिनीवरून उसळलेला पिवळट उजेड. व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा सुधारण्याची सोय) कितीही फिरवा, दोन्ही एकदम सुधारत नाहीत, कारण उजेडच दोन जातींचा आहे. पण गिऱ्हाईक आलं की ती मान वर करते, भाव सांगते, घासाघीस सुरू होते आणि तोंड पुरतं रस्त्याकडे वळतं. आता चेहऱ्यावर एकच उजेड आहे आणि ती तुम्हाला विसरलीही आहे. बटण दाबायचं ते तेव्हा. नाहीच साधलं तर फोटो कृष्णधवल करा. रंगांचं भांडण तिथल्या तिथे मिटतं.

२. कॅमेरा आधीच तयार ठेवा

सगळं मॅन्युअलवर करण्याचा अट्टहास मला कधी पटला नाही. ३५ किंवा ५० एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/२ ते एफ/२.८ (लेन्सचं तोंड चांगलं मोठं), शटर १/२५० सेकंदाहून हळू होणार नाही अशी मर्यादा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात, येऊ द्या. दाणेदार फोटो बघवतो, हललेला चेहरा नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. डोळा ओळखण्याची सोय असेल तर तीही चालू करा. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, साठवा.

यानंतर एक गोष्ट मात्र कळायलाच हवी. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य सरासरी करड्या रंगाचं धरून हिशोब करतो. त्यामुळे माणसामागे चकाकणारा समुद्र असला की तो चेहरा काळवंडवतो, आणि मागे काळोख असला की चेहरा पांढराफटक करून ठेवतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) +१ ते +१.७ करा, दुसऱ्या वेळी −१ च्या आसपास.

मोबाइलवर हेच काम सोपं आहे: चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग बोट वर-खाली सरकवा. नाइट मोड बंद ठेवा. तो बराच वेळ उजेड गोळा करत राहतो आणि हलणारा माणूस पुसट होतो.

३. लपू नका

लांब लेन्स लावून खांबाआडून काढलेला फोटो लगेच ओळखू येतो. त्यात माणूस असतो, ओळख नसते. त्यापेक्षा जवळ जा, मिरच्या घ्या, मयडे (मोयरा) गावची केळी घ्या, दोन शब्द बोला आणि ‘फोटो काडूं?’ असं सरळ विचारा. बहुतेक जण हसून होकार देतात आणि ताठ बसतात. तो ताठ फोटोही काढून घ्या, पण तिथून हलू नका. दहा मिनिटांनी धंदा सुरू होतो, कॅमेरा विस्मरणात जातो आणि तुमचं काम सुरू होतं. नको म्हटलं तर नको. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलूच नये. आणि गाभाऱ्याकडे तर कॅमेरा वळवूच नका.

४. रापण आणि दशावतार

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे रापणकार समुद्राकडे तोंड करून मागे रेललेले असतात आणि सूर्य त्यांच्या पाठीमागून, माडांवरून वर येतो. चेहरे हवे असतील तर तुम्हाला पाण्याच्या बाजूला उभं राहावं लागतं, म्हणजे ऊन थेट लेन्सवर. दोरीच्या वाटेत येऊ नका आणि ऊन अडवायला लेन्सवर हाताची सावली धरा. पायाखालची कोरडी, फिकट वाळू बघा: ती उजेड खालून चेहऱ्यावर फेकते. ओल्या, गडद वाळूतल्या माणसापेक्षा कोरड्या वाळूतल्याचा चेहरा जास्त उजळ येतो. आकाश पांढरं पडलं तरी हळहळू नका.

रात्रीचा दशावतारी काला याच्या नेमका उलट. पेडण्याकडच्या गावांत तो अजून जोरात होतो. मला रंगमंचापेक्षा मागची बाजू आवडते. तिथे कलाकार पेटाऱ्यासमोर बसून, छोट्या आरशात बघत स्वतःच तोंड रंगवतात. वर एकच दिवा. तो जितका जवळ तितका उजेड झपाट्याने बदलतो: दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे भुवई कोरायला कलाकार आरशाकडे झुकला की कपाळ भगभगतं, मागे रेलला की पार विझतं. एक्स्पोजर झुकलेल्या चेहऱ्यावर लॉक करा आणि तो पुन्हा झुकण्याची वाट बघा. दशावतारी कंपनीच्या मालकांना आधी विचारा, फ्लॅश पिशवीतच राहू द्या.

एलईडी आणि ट्यूबलाइटची एक खोड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरमध्ये फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटतात. इथे १/२५० चा नियम मोडा आणि १/१०० वर या, उजेड फारच कमी असेल तर १/५०. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावाल तर पट्टे आणखी ठळक होतात. पखवाज-पेटीच्या गजरात मेकॅनिकल शटरची टकटक तशीही कुणाला ऐकू येत नाही.

५. घरी आल्यावर

निवडताना आधी डोळे बघा, मग हात, तांत्रिक सफाई शेवटी. दाणे थोडे कमी करा, पण त्वचा मेणासारखी गुळगुळीत करू नका. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या सुरकुत्या खोडल्या तर तो आपलाच फोटो ओळखणार नाही.

ज्यांचा फोटो काढला त्यांना ४ बाय ६ इंचाचा एक प्रिंट नेऊन द्या. मॅट कागदावर घ्या; चकचकीत कागदावर बाजारातल्या ओल्या हातांचे ठसे लगेच उमटतात.