जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवताना

घरातला दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप सुरू होऊन कामाला लागेपर्यंत चहा करून पिऊन होत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारे टोक दर वेळी योग्य जागी न्यावे लागते आणि प्रत्येक खेपेस दहा-पंधरा मिलिसेकंद त्यातच जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारा भागच नसल्यामुळे हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. खोक्यावर ठळक छापलेला ‘सेकंदाला अमुक एमबी’ हा आकडा मोठी सलग फाइल वाचतानाचा असतो, त्यामुळे घरगुती यंत्रासाठी त्याच्या मागे धावू नये.

खरेदीपूर्वी कॅबिनेटची बाजू उघडून मदरबोर्डचे मॉडेल पाहावे. ते बोर्डावरच छापलेले असते. त्या काळी जोडून घेतलेल्या अनेक यंत्रांत इंटेलच्या एच६१ चिपसेटचे (बोर्डावरचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपचे) बोर्ड आढळतात. या चिपसेटच्या स्वतःच्या साटा जोडण्या, म्हणजे ड्राइव्हची केबल लावायच्या जागा, सेकंदाला ३ गिगाबिटच्याच असल्याने सेकंदाला ५५० एमबी वेगाची एसएसडी तिथे साधारण २७० एमबीवर अडते. तरीही यंत्र नवे वाटावे इतका फरक पडतो, कारण वर सांगितलेला खेपांचा वेळ वाचलेलाच असतो. एच८१ चिपसेटवर चारपैकी दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात. ते कोणते हे पुस्तिकेत पाहून केबल तिथे लावावी. अशा जुन्या बोर्डांसाठी अडीच इंची साटा एसएसडी हाच सरळ पर्याय आहे. नव्या बोर्डांवर एम.२ स्लॉट असतो आणि त्यात बहुधा २२८० मापाची, म्हणजे २२ मिमी रुंद व ८० मिमी लांब पट्टी बसते. मात्र त्याच मापात साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई अशा दोन्ही जाती मिळतात आणि कित्येक स्लॉट त्यांपैकी एकच ओळखतात, हे विसरून पैसे अडकवलेले लोक मी पाहिले आहेत.

क्षमता ५०० जीबी घ्यावी. विंडोजमध्ये ती ४६५ जीबी दिसते. मोजण्याच्या पद्धतीत फरक आहे, फसवणूक झालेली नसते. फसवणूक होते ती निराळ्या ठिकाणी: अनोळखी नावाची २ टीबीची ड्राइव्ह कवडीमोल दरात दिसली, तर आत जेमतेम काही जीबीची चिप असण्याचा संभव मोठा असतो. डेटा साठवणाऱ्या पेशींचा प्रकार टीएलसी (एका पेशीत तीन बिट) असेल तर उत्तम. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त पडते, परंतु एकदम खूप मोठा डेटा लिहिताना तिचा वेग फार खाली येतो. टिकाऊपणासाठी टीबीडब्ल्यूचा, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येतील याचा, आकडा पाहावा. तो ३०० असेल आणि रोज ३० जीबी लिहिले, तरी हिशेबाने २७ वर्षे निघतात.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. वीज बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि मगच ड्राइव्ह हाती घ्यावी. साटाच्या खाचेचा आकार इंग्रजी ‘एल’सारखा असतो, केबल उलटी दाबली तर आतली प्लास्टिकची जीभ तुटते आणि ड्राइव्ह वाया जाते, म्हणून खाच जुळल्याशिवाय जोर लावू नये. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, साटा मोड ‘एएचसीआय’ निवडलेला आहे ना, हेही विंडोज टाकण्यापूर्वीच पाहावे.

विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. एकदा मी हा कंटाळा केला. सगळे व्यवस्थित चालले, परंतु महिन्याभराने जुनी डिस्क काढताच यंत्र सुरू होईना. विंडोज एसएसडीवर होते, पण ते सुरू करणारा बूटचा भाग इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवरच ठेवला होता. सगळे पुन्हा टाकावे लागले. क्लोन करण्यापेक्षा, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवण्यापेक्षा, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून कोरी स्थापना करणे मला अधिक पसंत आहे, कारण १ टीबीची डिस्क ५०० जीबीवर उतरवताना आधी पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) लहान करण्याचा खटाटोप वाचतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि एच६१ वर चालणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, त्यामुळे केवळ ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीचा विचार अवश्य करावा.

एसएसडीला डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) करू नये. विंडोज ७ पासून पुढच्या आवृत्त्या तिला ‘ट्रिम’ची आज्ञा देतात, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा ड्राइव्हला आतून मोकळी करता येते. याची दुसरी बाजू अशी, की चुकून पुसलेला फोटो परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. जुनी हार्ड डिस्क म्हणूनच बॅकअपसाठी परत जोडावी, पण तिच्यावरचे विंडोज लगेच पुसू नये. श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली घरची जुनी पत्रे नव्या स्थापनेत उघडली की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि तेव्हा लागणारा फाँट जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये पडून असतो.