मोटो-२ संघात डेटाचे काम: पहिल्या हंगामाचा अनुभव

मोटो-२ हा मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल शर्यतमालिकेतला सर्वोच्च वर्गाखालचा, मधला वर्ग. २०२४ च्या हंगामात मी अशा एका संघात डेटा अभियंत्याची, म्हणजे गाडीवरच्या सेन्सरच्या नोंदी वाचणाऱ्या अभियंत्याची, सहायक म्हणून काम केले. मार्चमध्ये कतारच्या लुसैल सर्किटवर सुरू झालेला तो हंगाम नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाला संपला. त्या वीस शर्यतींत जे शिकले, त्यातले निम्मे जरी आधी कोणी सांगितले असते, तरी पहिले दोन-तीन महिने चाचपडण्यात गेले नसते. या क्षेत्रात येऊ पाहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: या वर्गात सगळ्यांचे इंजिन सारखेच, मग अभियंत्याला करण्यासारखे उरते काय? हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९४९ पासून २००९ पर्यंत मधला वर्ग २५० सीसीचा होता. २०१० मध्ये त्याच्या जागी मोटो-२ आला आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून सर्वांना एकच इंजिन देण्याचे ठरले. सुरुवातीला ते होंडाचे ६०० सीसीचे, चार सिलिंडरचे होते. २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे आणि त्याची ताकद १४० अश्वशक्तीच्या वर जाते. ही इंजिने सीलबंद असतात. स्पेनमधल्या मोटरलँड अरागॉन या सर्किटवर एक्स्टर्नप्रो ही कंपनी ती तयार करते, कोणते इंजिन कोणाला मिळेल हे संघाच्या हातात नसते आणि साधारण तीन शर्यती झाल्या की इंजिन बदलून मिळते. ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) सर्वांना मॅग्नेटी मरेली कंपनीचाच, टायर एकाच कंपनीचे, आणि रायडर व गाडी मिळून वजन किमान २१७ किलो भरलेच पाहिजे. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र संघ निवडतो. २०२४ मध्ये बहुतेकांकडे कालेक्स होती आणि काहींकडे बॉस्कोस्कुरो. म्हणजे आपल्या हातात राहतात त्या चेसिसची भूमिती, सस्पेंशन, स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक), टायरची निवड, आणि गाडीवर बसलेला माणूस. मला वाटते, या यादीतला शेवटचा घटक समजून घेणे हेच डेटा अभियंत्याचे खरे काम आहे, आणि महाविद्यालयात नेमके तेच शिकवले जात नाही.

या वर्गात फरक किती बारीक असतो, हे पाहण्यासाठी २०२१ च्या हंगामाचे निकाल नवोदितांनी एकदा ओळीने वाचावेत. एकाच संघातल्या दोघांपैकी राउल फर्नांडिसने आठ शर्यती जिंकल्या आणि रेमी गार्डनरने पाच, तरी विजेतेपद गार्डनरला मिळाले, ३११ विरुद्ध ३०७ गुणांनी. पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६ आणि पुढे उतरत पंधराव्याला १ अशी गुणांची रचना असल्यामुळे, पडून शून्य गुण मिळालेली एक शर्यत पुढच्या विजयानेही सहज भरून निघत नाही. आमच्या गॅरेजमध्ये एखाद्या बदलाचा विचार सुरू झाला, की क्रू चीफचा, म्हणजे गाडीच्या तांत्रिक चमूच्या प्रमुखांचा, पहिला प्रश्न 'किती वेगवान होईल' असा कधीच नसे. 'यामुळे त्याला गाडीचा अंदाज येईल का' असे ते विचारत, आणि त्या प्रश्नाचे मोल मला मे महिना उजाडल्यावर कळले.

माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीसाठी २०२४ हे वर्ष एका अर्थाने भाग्याचे होते. त्या वर्षी डनलॉपच्या जागी पिरेलीचे टायर आले, आणि जुन्या वर्षांच्या फायलींमधला मोठा भाग एकाएकी कामाचा राहिला नाही. ब्रेकिंगचे बिंदू, वळणातला वेग, मागच्या सस्पेंशनवर येणारा भार हे सगळे बदलले, आणि अनेक सर्किटांवर फेरीचे विक्रम मोडले गेले. दहा वर्षे अनुभव असलेली माणसेही पुन्हा पहिल्यापासून नोंदी करत होती. अशा वर्षी नवख्याने नीट वही ठेवली, तर त्याच्या वहीला ज्येष्ठांच्या वहीइतकीच किंमत येते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगते. शुक्रवारी चाळीस-चाळीस मिनिटांची दोन सत्रे, शनिवारी सकाळी अर्ध्या तासाचे एक आणि दुपारी शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणारी, पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सत्रांची पात्रता फेरी. सरावातले पहिले चौदा थेट दुसऱ्या पात्रता सत्रात जातात आणि पहिल्या सत्रातून आणखी चार त्यांना मिळतात. गाडी धावत असताना तिच्यावरची माहिती गॅरेजमध्ये थेट येत नाही, तशी परवानगीच नाही. गाडी आत आली की मेकॅनिक तिला स्टँडवर घेतात, टायर गरम ठेवणारी वेष्टने (टायर वॉर्मर) चढवतात, आणि आपण केबल जोडून गाडीवरच्या लॉगर या नोंदयंत्रातली नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतो. त्यानंतरची सहा-सात मिनिटे सर्वांत मोलाची असतात. नवा माणूस त्या वेळी पडद्याकडे पाहत बसतो. मीही सुरुवातीला तेच करत होते. पाहायचे असते रायडरकडे. तो हेल्मेट काढण्याआधीच हातांनी बोलू लागतो: डाव्या पंजाने पुढचे चाक दाखवतो, उजव्याने मागचे, आणि चाक कुठे निसटले ते मनगट वळवून सांगतो. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत, आपल्या तांत्रिक भाषेत त्यांचे रूपांतर करू नये, आणि ते लिहून झाल्याशिवाय आलेख उघडू नये. आलेख आधी पाहिला, की आपण रायडरच्या तोंडून तेच ऐकतो जे आपल्याला आधीच दिसलेले असते.

स्पेनमधल्या हेरेस सर्किटवरचा एक प्रसंग यासाठी सविस्तर सांगण्यासारखा आहे. तिथले शेवटचे, तेरावे वळण डावीकडचे आणि अगदी आवळ आहे. आमचा रायडर सारखे म्हणत होता, 'फ्रंट जातोय, मला पुढचे चाक जाणवत नाही.' मी लगेच पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेंशनचा, आलेख उघडला आणि ब्रेक लावताना फोर्क किती दबतो हे शोधू लागले, कारण पुढच्या चाकाची तक्रार म्हणजे ब्रेकिंगची अडचण असे माझ्या डोक्यात पक्के होते. ब्रेकिंगमध्ये काहीच वावगे दिसेना. तेव्हा ज्येष्ठ अभियंत्यांनी वहीतले वाक्य पुन्हा वाचायला लावले. त्यात पुढे मी लिहिले होते, 'गॅस दिल्यावर.' मग थ्रॉटल, ब्रेकचा दाब आणि फोर्कची हालचाल अशा तिन्ही रेषा एकाखाली एक लावल्या, तेव्हा दिसले की पुढचे चाक निसटते त्या क्षणी ब्रेकचा दाब शून्य आहे, थ्रॉटल नुकताच उघडू लागला आहे आणि फोर्क लांबत चालला आहे. मागच्या टायरची पकड इतकी होती, की तो गाडीचे पुढचे टोक बाहेरच्या बाजूला ढकलत होता, आणि गाडी मागे बसल्यामुळे पुढच्या टायरवर भारच उरत नव्हता. तक्रार पुढच्या चाकाची आणि कारण मागे! मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (तिला आधीच दिलेला दाब) थोडा वाढवला, दुसरे काहीही बदलले नाही, आणि पुढच्या वेळी आत आल्यावर रायडरने पुढच्या चाकाचा विषयच काढला नाही.

'दुसरे काहीही बदलले नाही' हे शब्द नवोदितांनी विशेष लक्षात ठेवावेत. चाळीस मिनिटांत गाडी दोन-तीनदाच आत येते, त्यामुळे एकदम दोन गोष्टी बदलण्याचा मोह फार होतो. पण तसे केले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही.

काही बदल तर दिसायला एक असतात आणि प्रत्यक्षात तीन. स्प्रॉकेटचे उदाहरण घ्या. मागच्या स्प्रॉकेटचे ४१ दात होते ते ४२ केले, तर अंतिम गिअर सुमारे २.४ टक्क्यांनी आखूड होतो, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण तीच चेन ठेवली, तर तिला सामावून घेण्यासाठी मागचे चाक पुढे सरकवावे लागते. चेनच्या एका कडीचे अंतर १५.८७५ मिलिमीटर असते, एक दात वाढला की त्याच्या निम्मी चेन जास्त लागते, आणि ती वरच्या व खालच्या अशा दोन्ही पदरांत वाटली जात असल्याने चाक जवळपास ४ मिलिमीटर पुढे येते. म्हणजे चाकांमधले अंतर कमी झाले, मागच्या चाकावरचा भार वाढला, आणि चेनच्या ओढीचा कोन बदलल्यामुळे थ्रॉटल उघडल्यावर गाडी मागे किती बसते तेही बदलले. रायडर आत येऊन म्हणतो की मागचे सस्पेंशन वेगळे लागते आहे, आणि सस्पेंशनला तर कोणी हातही लावलेला नसतो.

याच बाबतीत माझ्या हातून हंगामातली सर्वांत मोठी चूक झाली. इटलीतल्या मुजेल्लो सर्किटवर शुक्रवारी दुपारच्या सत्राआधी मेकॅनिकांनी स्प्रॉकेट बदलले, मला तसे सांगितलेही, आणि मी सॉफ्टवेअरमधल्या सेटअपच्या पानावर जुनेच आकडे राहू दिले. संध्याकाळी इंजिनाचा वेग आणि चाकाचा वेग यांचा मेळ बसेना. मागचे चाक सरळ रस्त्यावरही सतत घसरते आहे असे आलेख सांगत होता, आणि रायडर तर पकड उत्तम असल्याचे म्हणत होता. दोन तास त्या भासमान घसरणीचे कारण शोधण्यात गेले. रात्री दहाच्या सुमारास मी गाडीशेजारी बसून स्प्रॉकेटचे दात बोटाने मोजले तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसापासून प्रत्येक सत्राआधी मी स्वतः दात मोजते, टायरचा क्रमांक स्वतः वाचते आणि मगच फाइलला नाव देते. कोणी सांगितले म्हणून लिहायचे नाही, पाहून लिहायचे.

प्रवेशाच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगते. माझी सुरुवात मोटोस्टुडंट या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेतून झाली. तीत विद्यार्थ्यांचे संघ स्वतः मोटरसायकल बांधतात आणि अंतिम फेरी मोटरलँड अरागॉनलाच होते. तिथे केलेल्या कामाची वही मुलाखतीत पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडली. पुढची पायरी म्हणजे ज्युनिअरजीपी या तरुण रायडरांच्या मालिकेचे पॅडॉक (सर्किटवरचा संघांचा तळ), जिथे संघ लहान असल्याने एकाच माणसाला डेटा, टायर आणि कधी सामानाची चढउतारही करावी लागते; ते कमीपणाचे मानू नये, कारण गाडीला हात लावण्याची संधी मोठ्या संघात इतकी मिळत नाही. इंग्रजीवर भागते, पण गॅरेजमधली खरी चर्चा इटालियन आणि स्पॅनिशमध्ये होते, आणि रायडर चिडला की मातृभाषेतच बोलतो. त्यातली एक तरी भाषा कामापुरती यायलाच हवी. सुरुवातीचे करार बहुधा शर्यतीगणिक असतात, हिवाळ्याचे महिने रिकामे जाऊ शकतात, याची तयारी ठेवावी.

सर्किटांमधले सगळे फरक इथे सांगणे शक्य नाही, पण एक उदाहरण देते. जर्मनीतल्या साक्सेनरिंगला दहा वळणे डावीकडची आणि तीनच उजवीकडची आहेत. एकामागून एक डावी वळणे घेत गाडी अकराव्या, उतारावरच्या उजव्या वळणाशी पोहोचते, तोवर टायरची उजवी बाजू थंड झालेली असते, आणि तिथे अनेक जण पडतात. अशा ठिकाणी आलेखावर एकच गोष्ट पाहावी: रायडर त्या वळणात कललेला असताना ब्रेक किती हळुवार सोडतो.

तापमान हा असाच एक विषय, ज्याची नोंद नवखे लोक हमखास अर्धवट ठेवतात. युरोपातल्या बहुतेक शर्यतींत आमचा शुक्रवारचा सराव सकाळी दहाच्या आसपास आणि दुपारी दोननंतर होई, शनिवारचे सत्र तर त्याहूनही लवकर, आणि रविवारची शर्यत मात्र सव्वाबारा वाजता. म्हणजे शर्यतीच्या वेळचे ऊन कोणत्याच सरावात मिळत नाही. म्हणून लॅप टाइमशेजारी रस्त्याचे तापमान, वेळ, वाऱ्याची दिशा आणि आपल्या आधी कोणता वर्ग धावला हे लिहावे. शेवटची बाब कोणाला किरकोळ वाटेल, पण मोटोजीपीच्या गाड्या मिशेलिनच्या टायरवर धावतात, त्यांचे रबर रस्त्यावर बसल्यानंतरची पकड आणि पिरेलीच्या रबरावरची पकड आमच्या रायडरला वेगळी जाणवत असे.

तरीही काही निर्णय वहीच्या पलीकडचे असतात. ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या मोतेगीला शर्यतीच्या तोंडावर पाऊस भुरभुरत होता आणि बहुतेकांनी पावसाचे टायर लावले. स्लिकवर, म्हणजे कोरड्या रस्त्यासाठीच्या गुळगुळीत टायरवर, निघालेल्यांपैकी मानुएल गोंझालेझ पहिला आला आणि आइ ओगुरा दुसरा. ऑस्ट्रियात हाताचे हाड मोडल्याने एक शर्यत हुकलेला हाच ओगुरा पुढे थायलंडमध्ये दोन शर्यती शिल्लक असतानाच हंगामाचा विजेता ठरला. मोतेगीच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रेषेपाशी, मी पिट बोर्ड (रायडरला सूचना दाखवायचा फलक) धरून उभी होते. टायरबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखा एकही आकडा नव्हता, आणि क्रू चीफने मला काही विचारलेही नाही. त्यांनी रायडरला विचारले.

हंगामाची अखेर वालेन्सियाला व्हायची होती. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे आलेल्या भीषण पुरामुळे ती शर्यत रद्द झाली आणि शेवटची फेरी बार्सिलोनाच्या मॉन्टमेलो सर्किटवर हलवली गेली. वालेन्सियासाठी केलेली तयारी बाजूला पडली, पण मॉन्टमेलोला आम्ही मे महिन्यात धावलो होतो. एकच सर्किट, तोच रायडर, त्याच कंपनीचे टायर आणि मध्ये सहा महिने. गुरुवारी दुपारी क्रू चीफ माझ्या टेबलापाशी आले आणि मेमधले पान मागितले. त्यावर रस्त्याचे तापमान होते, प्रत्येक सत्राची वेळ होती, मोजलेले दात होते, आणि दहाव्या वळणाबद्दल रायडरचे वाक्य त्याच्याच शब्दांत होते. त्यांनी ते पान दोनदा वाचले, नोव्हेंबरच्या थंडीत पुढचा टायर तापायला वेळ लागेल म्हणून एकच बदल सुचवला, आणि शुक्रवारी सकाळी गाडी मेमधल्या सेटअपवर तेवढ्या एका बदलासह बाहेर पडली.