गेमिंग पीसीवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी?

आधी आपण खेळतो त्या गेम्सची यादी करा, सिस्टीम नंतर ठरवा. यादीत व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट असेल तर प्रश्नच मिटला: विंडोज ११. या गेम्सची अँटी-चीट यंत्रणा (खेळातली फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) त्यांना लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालू देत नाही. व्हॅलोरंटला तर विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूटही (पीसी सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू लागतं, म्हणून आधी बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते तपासून घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या पीसीवर ती टाकण्यात आता अर्थ नाही.

दुकानदार ‘गेमिंगसाठी हलकी केलेली’ विंडोज फुकट टाकून देतो म्हणाला, तर सरळ नको म्हणा. अशा कॉपीत बऱ्याचदा अपडेट आणि डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरसच काढून टाकलेले असतात. चार-दोन एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतीलही, पण आत आणखी काय भरलंय ते कोण बघणार! मूळ विंडोज ११ घ्या, इनसायडर बिल्डच्या (चाचणीसाठीच्या कच्च्या आवृत्तीच्या) वाटेला जाऊ नका आणि मोठं अपडेट आलं की सेटिंग्जमधून ते काही आठवडे पुढे ढकला. तेवढ्यात ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कुरबुरी बहुधा निस्तरलेल्या असतात.

फक्त स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातले सिंगल-प्लेअर गेम खेळत असाल तर लिनक्सही उत्तम चालतं. स्टीमच्याच व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बहुतेक गेम तिथे उघडतात. एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हर वेगळा शोधावाही लागत नाही. तरी आपला गेम तिथे चालतो का, ते प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर आधी पाहून घ्या.