घरातल्या फौजी फुटबॉलरची गोष्ट कशी लिहून काढायची

आमचे आबा 1971 च्या लढाईत होते, रेजिमेंटच्या टीममधून फुटबॉल खेळले आणि रिटायर झाल्यावर महूला कितीतरी वर्षं पोरांना कोचिंग दिलं. हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी माझं चुकलं, मोबाइल समोर ठेवून म्हटलं आबा लढाईचं सांगा ना. "होतो बॉर्डरवर, आलो परत." संपलं. म्हणून तुमच्याकडे कोणी असे असतील तर लढाईचं नावच काढू नका, फुटबॉलपासून सुरू करा.

कुठल्या पोझिशनला खेळायचात एवढंच विचारा आणि हाताशी काहीतरी मांडायला द्या. आबांनी पानाचा डबा ओढला आणि पाटावर अकरा सुपाऱ्या मांडल्या, गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ, पुढे पाच, मग एकेकाचं गाव, कोण डाव्या पायाने मारायचा, कोण हेड करायला घाबरायचा असं सगळं निघालं. राइट विंगची सुपारी मात्र उचलून मुठीत धरली, म्हणाले हा डिसेंबरात तिकडेच राहिला. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नाही, चहा टाकायचा. त्या दुपारी मग आबा आपणहून तासभर बोलले.

आता तारखा. मेडल बघा, 'पूर्वी स्टार' नावाचं असेल तर 71 ला पूर्वेकडची आघाडी, 'पश्चिमी स्टार' म्हणजे पश्चिमेकडची, आणि 65 वाल्यांकडे समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल असतं. घासून चमकवू नका प्लीज, त्यावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं ते झिजतं, भिंगाने वाचा आणि डिस्चार्ज बुकशी ताडून घ्या. बुक हरवलं असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं, महार रेजिमेंटचं सेंटर आपल्या मध्य प्रदेशात सागरलाच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला.

मॅचची वर्षं कोणालाच आठवत नाहीत, ती आजूबाजूच्या गोष्टींवरून काढायची. आबा म्हणाले आम्ही गोरखा ब्रिगेडच्या टीमशी हरलो आणि त्याच वर्षी त्यांनी ड्युरँड कप, म्हणजे फुटबॉलची जुनी मोठी स्पर्धा, जिंकला, पण गोरखा ब्रिगेडने तो 1966 ला पण जिंकला आणि 1969 ला पण, मग मी विचारलं तेव्हा लग्न झालेलं का? आतून आजीच ओरडली, झालेलं, आणि मोठा रांगत होता! म्हणजे 69.

कोचिंगचं मात्र त्यांना स्वतःला विचारून उपयोग नाही, जुन्या पोरांना रविवारी पोहे-जिलेबीला बोलवा. आबा पहिला महिना बॉलच द्यायचे नाहीत, नुसतं एका पायावर उभं करायचे, हे मला त्यांच्याकडून कळलं, आबा साफ विसरलेले.

लिहून झालं की त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, पेन्सिल हातात ठेवा. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि फक्त त्या राइट विंगवाल्याच्या गावाचं नाव दुरुस्त करायला लावलं, दोनदा.