दीर्घ आजारात पैशांचे नियोजन करताना या चुका टाळा

मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, संधिवात हे आजार घरभाड्यासारखे दरमहा पैसे मागतात. तरीही बहुतेक कुटुंबे हा खर्च ‘अचानक उद्भवलेला’ समजून बचतीतून भागवतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तितकीच चकित होतात. विम्याचे दावे आणि आयकराची विवरणपत्रे लोकांना भरून देताना त्याच त्या चुका समोर येतात, म्हणून हा लेख.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे विम्याच्या प्रस्ताव अर्जात आजार लपवणे. “साहेब, शुगर लिहू नका, उगाच मेडिकल लागेल,” असे एजंट म्हणतो आणि घाईतला ग्राहक कोऱ्या अर्जावर सही करून मोकळा होतो. एका गृहस्थांनी असेच केले. दोन वर्षांनी पायाची जखम चिघळून ते रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा निवासी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ‘शुगर कधीपासून?’ असे विचारले आणि त्यांनी प्रामाणिकपणे ‘दहा वर्षांपासून’ असे उत्तर दिले. केसपेपरवरच्या त्या एका ओळीमुळे दावा फेटाळला गेला, पॉलिसी रद्द झाली आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागली. खरे सांगितले असते, तर कदाचित हप्ता थोडा वाढला असता. शिवाय आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, २०२४च्या नियमांनुसार ३६ महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणजे थांबण्यालाही मर्यादा आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे कुठेतरी ऐकून ‘पाच वर्षे गप्प बसू’ म्हणणारे महाभागही भेटतात. त्या नियमात फसवणुकीचा अपवाद आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी अर्ज रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या हातानेच भरून घेतो, आजाराचे वर्ष आणि चालू गोळ्यांची नावे लिहायला लावतो आणि पॉलिसी हाती आल्यावर सोबत जोडलेली अर्जाची प्रत ओळीने वाचतो. काही चुकलेले आढळल्यास पॉलिसी परत करण्यासाठी ३० दिवस असतात.

खोलीभाड्याची मर्यादा न पाहणे ही दुसरी चूक. विमा ३ लाखांचा आणि मर्यादा दिवसाला १ टक्का असेल, तर ३ हजारांची खोली मिळते. ६ हजारांची खोली घेतल्यास फक्त भाड्यातला फरक आपल्या अंगावर पडेल, असा समज असतो; प्रत्यक्षात अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. औषधे, तपासण्या आणि अतिदक्षता विभाग यांना ही कपात लागू होत नाही.

विमा कंपनी बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा. आदल्या आठवड्यात धावत येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून पाठ फिरवणे मला कधीच समजलेले नाही. योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असली तरी चालते आणि डायलिसिसही त्यात येते. मात्र दाखल होतानाच अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठावे लागते. बिल भरून घरी आल्यावर फोन करणाऱ्यांसाठी फारसे काही करता येत नाही.

आयकराच्या बाबतीत घोळ नेहमी कागदांचा असतो. जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीबीखाली दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत वजावट मिळत आली आहे, पण त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते. साधा मधुमेह त्या यादीत नाही, त्यामुळे वाद घालू नये. औषधांच्या दुकानातली पातळ कागदावरची बिले काही महिन्यांत पांढरी पडतात, म्हणून मी ती त्याच दिवशी झेरॉक्स करून तारखेनुसार फाइलला लावायला सांगतो. ‘मोबाईलवर फोटो आहे’ म्हणणाऱ्यांचा मोबाईल मार्चपर्यंत हमखास बदललेला असतो.

पैसे वाचवण्यासाठी गोळ्या परस्पर अर्ध्या करू नयेत. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

घरातले सर्व व्यवहार रुग्णाच्याच मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवर अडकलेले असतील, तर तो दाखल असताना बिल भरणेही अवघड होते. म्हणून एक खाते जोडीदारासोबत ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने उघडावे आणि औषधांचे महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशीच त्यात वळवावेत.