ई-कचरा देताना फुगलेल्या बॅटरीचं काय करावं

माळ्यावरचे जुने फोन, चार्जर, रिमोट, बंद पडलेला मिक्सर एका खोक्यात गोळा करा. फोनमधलं सिम आणि मेमरी कार्ड काढा, गूगल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा. रिमोटमधले सेल वेगळ्या पिशवीत.

खरी गोची फुगलेल्या बॅटरीची. मागचं झाकण उचललेलं दिसतं, कडेला फट पडते, फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरतो. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठलेला असतो. सुईनं टोचून हवा काढायचा सल्ला देणारे अजून भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका! टोचलं की आतले थर एकमेकांना भिडतात, शॉर्टसर्किट होतं आणि बॅटरी पेट घेते. झाकण दाबून चिकटपट्टी मारणं किंवा फोन फ्रीजमध्ये ठेवणं हेही तितकंच चुकीचं.

‘आतले फोटो काढून घेतो’ म्हणून असा फोन पाच मिनिटंही चार्जिंगला लावू नका. फोटो हवेच असतील तर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो बॅटरी बदलून देईल. रीसेट राहिला तरी चालेल; डेटा नष्ट करायचाय, असं ई-कचरा घेणाऱ्याला सांगा.

तोवर फोन बंद करून पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. डबा गॅसपासून आणि उन्हापासून लांब. सुटी बॅटरी असेल तर तिच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा.

खोकं भंगारात देऊ नका. भंगारवाल्याबद्दल माझी तक्रार नाही, पण पुढे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. तो धूर आणि बोर्डातलं शिसं तिथल्या कामगारांच्या अंगात जातं. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, त्यामुळे कंपनीकडे संकलनाची चौकशी हक्कानं करा. अधिकृत पुनर्वापरकर्त्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही ई-कचरा घेते.

देताना बॅटरीचा डबा वेगळा हातात द्या आणि ‘ही फुगलेली आहे’ असं तोंडानं सांगा. न सांगता खोक्याच्या तळाशी टाकलीत, तर टेम्पोत मिक्सरखाली दबून ती वाटेतच पेटू शकते.