घरच्या संगीतयंत्रणेसाठी नवा डॅक निवडताना

डिजिटल नोंदीचे पुन्हा विद्युतलहरीत रूपांतर करणारा डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर) बहुतेक घरांत आधीपासूनच असतो. फोन, लॅपटॉप, टीव्ही, सीडी प्लेअर या प्रत्येकात तो बसवलेलाच असतो. म्हणून स्वतंत्र डॅक घेण्यापूर्वी आहे त्या यंत्रणेत नेमके काय खटकते आहे, हे ठरवले पाहिजे. त्रुटी सापडली नसताना केलेली खरेदी बहुधा निराश करते, आणि सापडलेली त्रुटी पुष्कळदा डॅकची नसतेच.

यासाठी रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर संगीत बंद करावे, ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवावा आणि स्पीकरजवळ कान न्यावा. सरसर किंवा घुमणारी गुणगुण ऐकू आली, तर ॲम्प्लिफायर बंद करून मागची इनपुटची केबल काढावी आणि तो पुन्हा सुरू करून ऐकावे. आवाज तसाच राहिला तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा त्याच्या वीजपुरवठ्याचा आहे, आणि डॅक बदलून तो जाणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढताच गुणगुण थांबत असेल, तर अर्थिंगचे वेटोळे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थच्या तारांतून आणि जोडकेबलमधून फिरणारा विजेचा फेरा, तयार झाले आहे असे समजावे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झच्या खर्जात येते. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही त्यामागे अर्थिंगची तार जोडलेली नसण्याची शक्यता असते, तेव्हा आधी वायरमनकडून ते तपासून घ्यावे. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. त्यात जिवाला धोका आहे.

येथपर्यंत सर्व ठीक असेल, तर डॅकला संगीत कोठून मिळणार हे पाहावे, कारण निवडीचा निम्मा भाग इनपुटवरच ठरतो. टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट सोयीचे असते. त्या केबलमधून प्रकाश जातो, दोन उपकरणांचा विद्युतसंबंध येत नाही, आणि त्यामुळे वर सांगितलेली गुणगुण त्या मार्गाने येऊच शकत नाही. मात्र साधा स्टिरिओ डॅक डॉल्बी संकेत उलगडू शकत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, संकुचित न केलेल्या डिजिटल स्वरूपावर) ठेवले नाही, तर स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही आणि नव्या डॅकला विनाकारण दोष दिला जातो. सीडी प्लेअरचे डिजिटल आउटपुट कोअॅक्सियल (तांब्याच्या तारेचे) असेल, तर ७५ ओहमची केबल पुरेशी आहे. ती महाग असण्याची गरज नाही. संगणकासाठी असिंक्रोनस यूएसबी असलेला डॅक घ्यावा, कारण त्यात वेळेचे नियंत्रण संगणकाकडे न राहता डॅकच्या स्वतःच्या घड्याळाकडे राहते. विंडोज १० मध्ये २०१७ पासून अशा उपकरणांसाठी ड्रायव्हर अंतर्भूत आहे. ब्लूटूथ ही सोय म्हणून चांगली गोष्ट आहे, परंतु त्यातून संगीत संकुचित होऊनच येते, म्हणून केवळ तेवढ्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांकडे शांतपणे पाहावे. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची आहे. तिच्यात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला सुमारे ९६ डेसिबलचा आवाका सामावतो आणि सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी नोंदवता येतात. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येते. ३२ बिट व ७६८ किलोहर्ट्झ हे आकडे डॅक काय स्वीकारू शकतो ते सांगतात, कसा वाजतो ते सांगत नाहीत. त्याऐवजी स्वतंत्रपणे मोजलेली विकृती आणि पार्श्वगोंगाट यांचे आकडे शोधावेत. हे दोन्ही मिळून मूळ संकेतापेक्षा १०० डेसिबल किंवा त्याहून खाली असतील, तर घरातल्या खोलीत ते ऐकू येण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, आणि आज अगदी माफक किमतीचे कित्येक डॅकही ही पातळी गाठतात. डॅकमधली चिप ईएसएस कंपनीची की एकेएमची, रूपांतराच्या डेल्टा-सिग्मा पद्धतीची की प्रतिरोधकांच्या शिडीची, यावर चर्चा पुष्कळ होते. परंतु चिपनंतरचे आउटपुटचे मंडल आणि वीजपुरवठा नीट नसेल, तर उत्तम चिपही वाया जाते.

ज्या आकड्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे तो आउटपुटच्या व्होल्टेजचा. आरसीए (नेहमीच्या एका पिनेच्या) आउटपुटसाठी २ व्होल्ट आणि बॅलन्स्ड एक्सएलआरसाठी (तीन पिनांच्या आउटपुटसाठी) ४ व्होल्ट हे नेहमीचे मूल्य आहे. फोन किंवा त्याला लावायचा लहान डोंगल साधारण १ व्होल्टच देतो, म्हणजे २ व्होल्टचा डॅक जोडताच आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि वाढलेला आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. तुलना करायची असेल, तर १०० हर्ट्झचा अखंड स्वर वाजवून दोन्ही डॅकचे आउटपुट मल्टिमीटरने मोजावे आणि फरक एक-दोन टक्क्यांच्या आत आणावा. मग घरातल्या कोणाला तरी, आपल्याला न सांगता, डॅक बदलायला सांगावे. हे केल्यावर बरेचसे फरक नाहीसे होतात. जे उरतात, त्यांच्यावरच पैसे खर्च करावेत. हेडफोनही लावायचा असेल, तर आउटपुटचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेचा अडथळा) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा.

डॅकच्या परीक्षेसाठी तानपुऱ्यासारखे साधन नाही. जवारीचा झंकार, तार छेडल्यानंतर विरत जाणारा नाद, आणि आलापातील विरामात मागे उरणारी शांतता यांतून उपकरणाचा गोंगाट व विकृती उघडी पडते. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पुणेकरांचे कान तयार झाले आहेत हे खरे, पण तिथे आपण ध्वनिक्षेपकातून ऐकतो. स्वरांची मूळ प्रत कळायला लहान बैठकीत, ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकलेले गाणे हाच मापदंड असावा. जुन्या ध्वनिफितींवरून घेतलेल्या मैफलींमधली सरसर ही मूळ नोंदीतच असते, आणि कोणताही प्रामाणिक डॅक ती काढून टाकणार नाही.

केबल, अडॅप्टर आणि मल्टिमीटर यांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली पुरेशी आहे. डॅक मात्र घरी नेऊन ऐकू देणाऱ्या किंवा परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. पुण्यातल्या अनेक घरांत अशी वस्तू अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा मुलीकडून येते. त्या वेळी अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे ना, आणि मागे ११५ व २३० व्होल्टचे बटण असल्यास ते २३० वर आहे ना, हे प्लग लावण्यापूर्वीच तपासावे. तिकडची वॉरंटी इकडे चालतेच असे नाही, हेही विचारात घ्यावे. डॅक बसवल्यावर संगणकाचा आवाज पूर्ण ठेवून तो ॲम्प्लिफायरवरच कमी-जास्त करावा, आणि पहिल्यांदा सुरू करताना ॲम्प्लिफायर अगदी खालच्या पातळीवर ठेवावा.